पोस्टल मीटरच्या कार्बाइनवर अंडरवुडची बॅरल: अस्सल काय, नंतरचं काय

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते वाचणाऱ्याला कळेल.

मिशिगनमध्ये तुमच्या शेजारच्या आजोबांच्या घरच्यांनी सामान विकायला काढलं, त्यात तुम्ही एक एम१ कार्बाइन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्कराची आखूड, हलकी बंदूक, कायदेशीर कागदपत्रांसह घेतली. रिसीव्हरवर (बॅरल आणि बाकीचे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य सांगाड्यावर) नॅशनल पोस्टल मीटर या कंपनीचं नाव, क्रमांक ४१ लाखांच्या पुढचा. बॅरलवर मात्र ‘अंडरवुड’ आणि ‘११-४३’. मागे दोन्ही बाजूंना फिरवता येणारी साइट, पुढच्या पट्ट्याला बेयोनेटची खुंटी, सेफ्टी फिरणाऱ्या खटक्याची. दस्त्यात पट्टा ओवायची जी खोबण असते तिच्या आत ‘आरएमसी’, आणि दस्त्याच्या बाहेर ‘आरए-पी’. हॅमरवर ‘डब्ल्यू’. जवळच्या दुकानदाराने सांगितलं, “बॅरल कुणीतरी बदललीये, बाकी बंदूक युद्धातली आहे. सगळ्या भागांवर एन अक्षर, म्हणजे पोस्टल मीटरचं, जमवा, किंमत दुप्पट होईल.” तुम्ही विचारताय, जमवू का?

जमवू नका. आणि दुकानदाराने नेमकं उलटं सांगितलंय. तुमच्या कार्बाइनवर कारखान्यातून निघाल्यापासून आजवर कुणी हात लावला नसेल असा भाग बहुधा एकच, आणि तो म्हणजे ती ‘बदललेली’ बॅरल. युद्धातली म्हणून ज्या गोष्टी तुम्हाला दाखवल्या गेल्या, खुंटी, खटका आणि साइट, त्या तिन्ही नंतरच्या.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. मी काही इतिहासकार नाही. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून सुरुवात केली, पुढे ओहायोत आलो, आणि पंचवीसेक वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. मायक्रोमीटर, भिंग आणि संशय, एवढीच माझी हत्यारं. कार्बाइनच्या नादाला लागलो तो डेटनला राहत होतो म्हणून. जनरल मोटर्सचा इनलँड विभाग डेटनचाच, आणि सगळ्यांत जास्त कार्बाइन त्यानेच बनवल्या, २६ लाखांच्या आसपास.

मूळ मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर: भागावरचं अक्षर तो भाग *कुणी* केला हे सांगतं. *कधी* केला आणि *कुठल्या बंदुकीसाठी* केला, हे सांगत नाही. बाजारातला निम्मा गोंधळ या तीन प्रश्नांची खिचडी केल्यामुळे होतो.

ऑक्टोबर १९४१ मध्ये अमेरिकी लष्कराने ही बंदूक स्वीकारली. पाच पौंडांच्या जरा वर वजन, १८ इंची बॅरल, १५ गोळ्यांचं मॅगझिन. आघाडीच्या मागे काम करणारे, तोफखान्यावरचे, वायरलेसवाले, गाड्या हाकणारे, ज्यांना मोठी रायफल खांद्यावर वागवणं अडचणीचं आणि पिस्तूल अपुरं, त्यांच्यासाठी ती होती. १९४२ ते १९४५ या काळात साठ लाखांच्या वर बनल्या. एवढ्या बंदुका एकट्या शस्त्रकारखान्यांच्या आवाक्यातल्या नव्हत्या. दहा मुख्य ठेकेदारांत बंदूकवाली कंपनी एकच, विंचेस्टर. बाकीची नावं वाचून हसू येतं: अंडरवुड टाइपरायटरवाले, आयबीएम हिशेबयंत्रांवाले, रॉक-ओला ज्यूकबॉक्सवाले, सॅगिनॉ मोटारींचे स्टिअरिंग गिअर करणारे, आणि तुमचे नॅशनल पोस्टल मीटर हे रॉचेस्टरचे, टपालावर शिक्के मारायची यंत्रं करणारे. त्यांनी चार लाखांच्या वर कार्बाइन बनवल्या.

आता टूलरूममधल्या माणसाच्या नजरेने बघा. टपालयंत्र करणाऱ्या कारखान्यात बॅरलला खोल भोक पाडायची आणि आत आटे कापायची यंत्रं असतील कशी? नव्हतीच. नॅशनल पोस्टल मीटरने स्वतः बॅरल केल्याच नाहीत. बाहेरून घेतल्या, आणि त्यांतल्या सर्वाधिक अंडरवुडच्या. म्हणजे तुमच्या रिसीव्हरवर ‘पोस्टल मीटर’ लिहिलेली बॅरल सापडली असती, तर मी घाबरलो असतो. अंडरवुड सापडली, हे अगदी बरोबर आहे.

भागांची ही देवाणघेवाण चोरून चालत नव्हती. ठेकेदारांची एक समितीच होती, कार्बाइन इंडस्ट्री इंटिग्रेशन कमिटी. एकाकडे स्लाइडचा (गोळी झाडल्यावर मागेपुढे सरकणाऱ्या भागाचा) ढीग पडलाय आणि दुसऱ्याची असेंब्ली लाइन स्लाइडवाचून थांबलीय, असं झालं की माल इकडून तिकडे. सगळे भाग एकाच ड्रॉइंगप्रमाणे, एकाच गेजने तपासलेले, त्यामुळे कुठलाही भाग कुठेही बसायचा. म्हणून कारखान्यातून नवीकोरी निघालेल्या कार्बाइनमध्येही परक्या अक्षराचे एक-दोन भाग असणं स्वाभाविक आहे. आज एखादी कार्बाइन समोर आली आणि तिच्या प्रत्येक स्प्रिंगपासून स्क्रूपर्यंत एकच अक्षर निघालं, तर माझ्या मनात पहिली शंका येते ती ही: कुणीतरी हिवाळाभर बसून जमवलंय.

आपल्याकडे एचएमटी घड्याळांचं बघा. मुंबईच्या बाजारात लखलखीत डायलचा ‘ओरिजिनल’ जनता मिळतो. डायल पुन्हा रंगवलेली, काटे दुसऱ्या मॉडेलचे, केस तिसऱ्याची. घड्याळजीला एका नजरेत कळतं, घेणाऱ्याला कळत नाही. कार्बाइनचंही तसंच, फक्त भाग साठ आणि किंमत हजारो डॉलर.

अक्षरं वाचायची रीत अशी. साधारणपणे *शेवटचं* अक्षर मुख्य ठेकेदाराचं आणि त्याआधीचं त्याला भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्याचं. आय म्हणजे इनलँड, डब्ल्यू विंचेस्टर, यू अंडरवुड, एन तुमचे पोस्टल मीटर, क्यू शिकागोची क्वालिटी हार्डवेअर, आर रॉक-ओला, एस स्टँडर्ड प्रॉडक्ट्स, एसजी सॅगिनॉ आणि बी आयबीएम. आयबीएमला बी का, तर आय आधीच इनलँडने घेतलं होतं. त्यामुळे बोल्टवर (गोळीमागे चेंबर बंद करणाऱ्या भागावर) ‘एओबी’ दिसलं तर तो ऑटो-ऑर्डनन्सने आयबीएमसाठी केलेला. पण हे सूत्र पंचांगासारखं वापरू नका, अपवाद भरपूर आहेत. सगळ्यांत फसवा अपवाद मॅगझिनच्या खटक्यावरचा ‘एम’. तो कुठल्याही कारखान्याचा नाही. ३० गोळ्यांच्या जड मॅगझिनला आधार देणारी सुधारित घडण एवढाच त्याचा अर्थ. ‘एम म्हणजे मार्लिन’ (बॅरल पुरवणारी एक बंदूक कंपनी) असं छातीठोकपणे सांगणारा विक्रेता मी स्वतः ऐकलाय.

आता बॅरलकडे. पुढच्या साइटच्या लगेच मागे, बॅरलच्या वरच्या अंगाला नाव आणि महिना-वर्ष असतं. तुमचं ११-४३, म्हणजे नोव्हेंबर १९४३. ही बॅरलची तारीख, बंदुकीची नव्हे. बॅरल अंडरवुडच्या हार्टफर्डहून रॉचेस्टरला जायची, तिथे रिसीव्हरला बसायची, चाचणीची गोळी झाडली जायची, मग दस्त्यात. या प्रवासाला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. तारखेचा उपयोग एवढाच की त्याआधी ही कार्बाइन जन्मलेली असू शकत नाही. सगळ्यांनी तारीख घातली असंही नाही. विंचेस्टरच्या बहुतेक बॅरलांवर आणि मार्लिनच्या बॅरलांवर ती सापडत नाही. तिथे ‘तारीख खोडली’ म्हणून भांडू नये.

बॅरल अस्सल मानायला माझ्याकडे आणखी एक कारण आहे. .३० कार्बाइनच्या अमेरिकी गोळ्यांचं प्रायमर (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) पहिल्यापासून गंज न आणणारं होतं. मुद्दाम तसं ठेवलं, कारण या बंदुकीचा गॅस पिस्टन शिपायाने उघडून धुवायचा नाही असंच ठरलं होतं. तेव्हाच्या मोठ्या रायफलींच्या गोळ्या गंज आणणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांच्या बॅरल लवकर खराब व्हायच्या आणि बदलल्या जायच्या. कार्बाइनच्या बॅरल टिकल्या. युद्धानंतर दुरुस्तीला गेलेल्या कार्बाइनचं बाकी सगळं बदललं तरी बॅरल बहुधा जुनीच राहिली. म्हणून माझ्या हिशेबात रिसीव्हर आणि बॅरल हे एक जोडपं, आणि बाकीचे सगळे पाहुणे.

तरी स्वतः खात्री करून घ्या. बॅरल आणि रिसीव्हर जिथे मिळतात तिथे आडवा उजेड टाकून बघा. पान्याचे ताजे ओरखडे आहेत का? दोन्हींचा राखाडी रंग एकत्र म्हातारा झालाय का, की एक हिरवट आणि एक काळपट? गॅस पिस्टनच्या नटावर पंचाने ठोकलेल्या खुणा असतात, त्या अजून जागेवर आहेत का? नट सोडवू मात्र नका. घरी बसून ‘स्वच्छ करायला’ म्हणून सोडवलेले नट आणि त्यांचे बिघडलेले आटे मी डझनभर पाहिलेत.

क्रमांकाबद्दल थोडक्यात. सरकारने प्रत्येक ठेकेदाराला क्रमांकांचे गठ्ठे वाटून दिले होते. इनलँडला १ ते ९,९९,९९९, विंचेस्टरला १०,००,००० पासून पुढे, अंडरवुडला १३,५०,००० पासून. त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे उशिराची बंदूक असं होत नाही. विंचेस्टरची पहिलीवहिली कार्बाइन इनलँडच्या कितीतरी नंतरच्या कार्बाइनपेक्षा मोठ्या आकड्याची आहे. पोस्टल मीटरचा पहिला गठ्ठा १४,५०,००० पासून, आणि तो संपल्यावर दुसरा ४० लाखांच्या वरचा. तुमचा ४१ लाख दुसऱ्या गठ्ठ्यातला, म्हणजे १९४३ च्या अखेरीपासून १९४४ च्या वसंतापर्यंतचा. बॅरल ११-४३. क्रमांक आणि बॅरल एकाच काळाची साक्ष देतायत, आणि त्यांनी आपसात ठरवून साक्ष दिली असण्याचं काही कारण नाही. हे झालं पक्कं.

मग त्या हिवाळ्यात रॉचेस्टरहून निघालेली कार्बाइन कशी दिसत असेल? इथे अक्षर बाजूला ठेवून भागाची *घडण* बघायची.

मागची साइट: इंग्रजी एल अक्षरासारखी, दोन पात्यांची, एक १५० यार्डांना आणि एक ३०० यार्डांना. उलटवली की दुसरं पातं उभं राहतं, डावी-उजवी करायची सोय नाही. तुमच्याकडची फिरवायची साइट नंतर आली. तीही दोन तऱ्हांची, आधी मिलिंग करून घडवलेली आणि मग पत्रा दाबून केलेली. बदलाच्या काळात एक-दोन महिने इकडेतिकडे होतात, म्हणून मी फक्त साइट बघून निकाल देत नाही, तिच्या *खालची जागा* बघतो. साइट डोव्हटेलमध्ये, म्हणजे तिरक्या कडांच्या खाचेत, सरकवून रिसीव्हरच्या कडेवर पंचाने ठोकून पक्की करत. दहा पटींचं भिंग घ्या आणि त्या खुणा मोजा. एकच जोडी असेल तर साइट एकदाच बसली. जुन्या बुजलेल्या खुणेच्या शेजारी नवी खूण असेल, किंवा नव्या साइटच्या बुडाखालून जुनी खूण अर्धवट डोकावत असेल, तर आधीची उपटून दुसरी बसवलीय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजव्या बाजूला मला दोन खळगे दिसतायत, एक गोल आणि घासलेला, एक चौकोनी आणि धारदार. माझ्या मते तिथेच प्रश्न मिटला. याच साइटने तुमचा क्रमांकही अर्धा झाकलाय. क्रमांक कोरला तेव्हा तिथे मोठी साइट येणार हे कुणाला ठाऊक होतं!

पुढचा पट्टा: सुरुवातीला अरुंद, मग रुंद, आणि सगळ्यांत शेवटी खाली बेयोनेटची खुंटी असलेला. खुंटीवाले पट्टे युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात आले आणि कारखान्यातूनच खुंटी घेऊन निघालेल्या कार्बाइन थोड्या, त्याही अगदी शेवटपर्यंत चालू राहिलेल्या कारखान्यांच्या. पोस्टल मीटरचं काम १९४४ च्या वसंतातच आटोपलं होतं. त्यामुळे त्यांच्या कार्बाइनवर खुंटी म्हणजे नंतर बसवलेली, यात मतभेदाला जागाच नाही. चित्रपटांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर खुंटीवाल्या कार्बाइन दाखवतात तेव्हा माझी बायको मला आधीच सांगते, “बोलू नकोस, बघू दे.”

सेफ्टी: आधी दाबायचं बटण. अडचण अशी की मॅगझिन सोडायचं बटणही तिथेच, ट्रिगर गार्डच्या पुढ्यात, बोटभर अंतरावर. अंधारात, घाबरलेल्या हाताने सेफ्टी काढायला जावं आणि मॅगझिन खाली पडावं, असं होऊ लागलं. मग फिरणारा खटका आला, न बघता बोटाला कळणारा. तुमच्याकडे तोच आहे, म्हणून तोही पाहुणा.

बोल्ट: आधीचे वरून चपटे, नंतरचे गोल. तुमचा चपटा आहे आणि काळाला धरून आहे. अक्षर कुठलंही असो, घडण बरोबर. वरचं लाकडी हँडगार्ड उलटं करून आतल्या पत्र्याचे रिव्हेट मोजा. दोन असतील तर आधीचं, चार असतील तर नंतरचं. उरलेल्या किरकोळ भागांवर मी फार वेळ घालवत नाही. हॅमर, सिअर, स्प्रिंगा पाच मिनिटांत बदलतात आणि पाच डॉलरपासून मिळतात, त्यांची साक्ष ती काय घ्यायची!

दस्त्याचं मात्र नीट बघू, कारण सगळ्यात जास्त लबाडी लाकडात होते. तुमच्या खोबणीत ‘आरएमसी’ आहे, म्हणजे रॉक-ओला मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन. ज्यूकबॉक्सच्या लाकडी पेट्या करणाऱ्यांना दस्ते जड नव्हते. पोस्टल मीटरचा ठरलेला शिक्का ‘टीएन’, रॉचेस्टरच्याच ट्रिम्बल नावाच्या कारखान्याचा, जो एरवी लहान मुलांचं फर्निचर करायचा. इनलँडवर तुम्हाला ‘ओआय’ दिसेल, मिशिगनच्या एस. ई. ओव्हर्टनचा. म्हणजे तुमचा दस्ता रॉचेस्टरचा नव्हे. पण रॉक-ओलाचा असला तरी तो युद्धकाळातला खराच आहे. पट्ट्याची खोबण कशी कापलीय बघा. सर्वांत जुन्या दस्त्यांत दोन्ही टोकांना आडवी पट्टी असलेल्या आय अक्षरासारखी, नंतर लांबट अंडाकृती. उजव्या बाजूला स्लाइडच्या मागचं लाकूड उंच ठेवलंय की खाली उतरवलंय तेही बघा. उतरवलेलं असेल तर उशिराचं.

आणि बाहेरचा ‘आरए-पी’. हाच तुमच्या कोड्याचा उलगडा. न्यू जर्सीतल्या रॅरिटन आर्सेनलचा, म्हणजे सरकारी शस्त्रागाराचा, हा शिक्का. ऑगस्टाचा ‘एए’, सॅन अँटोनियोचा ‘एसएए’, रॉक आयलंडचा ‘आरआयए’, असे प्रत्येक आर्सेनलचे वेगवेगळे. युद्ध संपल्यावर लाखो कार्बाइन या आर्सेनलांत आल्या. तिथे बंदूक ही एक वस्तू म्हणून राहिलीच नाही. ट्रे आले, बोल्ट एका ट्रेमध्ये, स्लाइड दुसऱ्या, दस्ते तिसरीकडे ढिगात. तपासणी, पुन्हा पार्करायझिंग (गंज रोखणारा फॉस्फेटचा थर), मग ट्रेमधून हाताला येईल तो भाग घेऊन जोडणी, आणि जोडताना अद्ययावत भाग: खुंटीचा पट्टा, फिरती साइट, फिरता खटका. तुमच्या कार्बाइनवरचे तीन ‘युद्धातले’ भाग हे असे आले. एन रिसीव्हर, अंडरवुड बॅरल, रॉक-ओलाचं लाकूड, विंचेस्टरचा हॅमर, यात विसंगती काहीच नाही. हा आर्सेनलचा हातखंडा आहे. आज जगात असलेल्या कार्बाइनपैकी बहुसंख्य याच वाटेने गेलेल्या आहेत, आणि १९६३ च्या सुमारास एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या) सभासदांना सरकारने वीस डॉलरला एक या भावाने ज्या विकल्या, त्याही.

आता दुकानदाराच्या ‘एन जमवा’ या सल्ल्याकडे येतो, आणि त्यासाठी माझी फजिती सांगावी लागेल.

बरीच वर्षं झाली. एका शस्त्रप्रदर्शनात एक रॉक-ओला दिसली. संपूर्ण रॉक-ओला: बोल्ट, स्लाइड, ट्रिगर हाउसिंग, लाकूड, सगळं. रॉक-ओलाच्या कार्बाइन मुळात कमी, सव्वादोन लाखांच्या आसपास, त्यामुळे भाव चढा. दस्त्याच्या उजव्या अंगावर सरकारी स्वीकृतीचा शिक्का, वर्तुळात आडव्यातिडव्या दोन तोफा, ठसठशीत. मी विकणाऱ्याच्या टेबलावर पिवळ्या दिव्याखाली बघितली, हात थरथरले, पैसे मोजले. घरी आणून खिडकीशी सकाळच्या उन्हात आडवी धरली. तोफांच्या वर्तुळाच्या खालच्या कडेवर एक जुना ठोका होता, तांदळाच्या दाण्याएवढा, कधीतरी दगडावर आपटून बसलेला, आत मळ आणि तेल काळं झालेलं. वर्तुळाची रेघ त्या ठोक्याच्या *तळातून* गेली होती. काठावर तुटली नव्हती, बुडाशी उतरून पलीकडे चढली होती.

विचार करा. शिक्का १९४३ चा असता तर तो सपाट, नव्या लाकडावर उमटला असता, आणि नंतरच्या ठोक्याने रेघ चेपून टाकली असती. इथे रेघ ठोक्याच्या आत उतरली होती, म्हणजे ठोका आधीचा आणि शिक्का नंतरचा. भिंगाखाली रेघेतले लाकडाचे तंतू फिके आणि ताजे, ठोक्यातले काळे. मग एकेक भाग काढून बघितला. बोल्टचं पार्करायझिंग हिरवट, स्लाइडचं काळं, हाउसिंगचं राखाडी, आणि ज्या घळीत बोल्ट आणि स्लाइड वर्षानुवर्षं एकमेकांवर घासायला हवेत तिथे दोघांच्या घासल्याच्या खुणा जुळतच नव्हत्या. अक्षर सगळीकडे आर, पण एकमेकांना ओळखत नसलेले भाग. विकणाऱ्याचा फोन पुढे लागला नाही, आणि चूक माझ्या घाईचीच होती.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी घासल्याच्या खुणा, मग रंग, मग घडण, आणि अक्षर सगळ्यांत शेवटी. लोक बरोबर उलट्या क्रमाने जातात, कारण अक्षर वाचायला सोपं असतं.

रंगाबद्दल एक सूचना. सगळे भाग एकाच छटेचे दिसले की लोक खूश होतात. मूळ कार्बाइनमध्ये भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून, वेगवेगळ्या आम्लटाकीतून आलेले. काही पार्करायझिंगचे, काही लहान भाग ब्लूइंगचे (निळसर-काळ्या थराचे). थोडा रंगभेद हे अस्सलपणाचं लक्षण आहे. सगळं एकसारखं असेल तर सगळं एकदमच टाकीत बुडवलेलं असतं.

तर, एन जमवायला निघालात तर काय होईल? साइट काढाल, तिसरी पंचाची खूण पडेल. खुंटीचा पट्टा जाऊन अरुंद पट्टा येईल. ‘टीएन’ दस्ता शोधाल, तो चारशे-पाचशे डॉलरला मिळेल आणि मिळेल तो बहुधा घासून पॉलिश केलेला. रॅरिटनच्या शिक्क्याचा दस्ता विकाल. शेवटी तुमच्या हातात १९४३ ची कार्बाइन येणार नाही, तुमच्याच हयातीत जोडलेली कार्बाइन येईल. आता जी आहे ती निदान सरकारी कर्मचाऱ्याने सरकारी नियमाने जोडलेली आहे आणि तिच्यावर तसं लिहिलंय. जाणकार घेणारे अशा रॅरिटनच्या कार्बाइनला आजकाल चांगला भाव देतात, कारण तिची गोष्ट तिच्या अंगावर आहे. ज्याला मूळ रूपच हवं असेल त्याने पैसे साठवून, न छेडलेली शोधून, एकदाच घ्यावी. महाग पडेल, पण स्वस्त पडेल.

काही फुटकळ गोष्टी, तुम्ही विचारलेल्या नसल्या तरी.

बॅरलच्या खालच्या बाजूला आयातदाराचं नाव-गाव बारीक अक्षरात कोरलेलं आहे का बघा. १९६८ च्या कायद्यानंतर बाहेरून आणलेल्या शस्त्रांवर ते घालावं लागतं. ऐंशीच्या दशकात कोरियाहून परत आलेल्या पुष्कळ कार्बाइनवर ते आहे. असेल तर ती आजोबांनी युद्धातून ‘आणलेली’ नव्हे, हे नम्रपणे मान्य करावं लागेल. घरच्यांची आठवण खोटी असते असं नाही, पण आठवण आणि बॅरल यांत वाद झाला तर मी बॅरलची बाजू घेतो.

ट्रिगर हाउसिंग, स्लाइड किंवा हॅमर एम२ च्या (याच कार्बाइनच्या स्वयंचलित आवृत्तीच्या) घडणीचे सापडले तर दचकू नका, आर्सेनलांनी ते एम१ मध्ये सर्रास बसवले. पण एम२ चा निवड-खटका किंवा त्याच्यासोबतचे खास भाग आढळले तर हात लावू नका, ‘बघू चालतंय का’ असा प्रयोगही करू नका. अमेरिकी कायद्यात तो सरळ स्वयंचलित शस्त्राचा मामला होतो. आधी वकील, मग बाकीचं.

घडीच्या दस्त्याची एम१ए१, छत्रीधारी सैनिकांची, कुणी स्वस्तात देऊ केली तर माझं नाव घेऊन नाही म्हणा. ती फक्त इनलँडने केली, एक लाख चाळीस हजारांच्या आसपास, आणि बाजारात फिरणारे घडीचे दस्ते बघता युद्धात अख्खी अमेरिकाच विमानातून उडी मारत होती असं वाटेल. रिसीव्हर इनलँड नसेल तर पुढे बघायचीही गरज नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघा. पुढच्या पट्ट्याचा स्क्रू सैल करून पट्टा सरकवा, हँडगार्ड काढा, बॅरल वर उचलून दस्त्यातून सोडवा. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. खाच झिजली की तीही एक खोटी साक्ष होते. बोल्ट सुटा करायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या स्प्रिंगा छताला जाऊन चिकटतात. मग मला चार फोटो पाठवा: हँडगार्डची आतली बाजू, दस्त्याच्या खोबणीचं तळ, डोव्हटेलच्या डाव्या कडेवरच्या पंचाच्या खुणा (उजव्या मी बघितल्या), आणि स्लाइड उजव्या अंगाला रिसीव्हरवर जिथे घासते ती चकचकीत पट्टी. फ्लॅश बंद, खिडकीजवळ, सकाळचं आडवं ऊन.